बरणीसाहेबाची अमानत

आमच्या घरात दारू शिरली ती एका मेलेल्या इंग्रजाच्या नावाने, आणि तिला बसायला जागा मिळाली ती नेमकी जैबूफुपूच्या नमाजाच्या खोलीत. आता हसू येतं. तेव्हा मात्र आमच्या तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. तिघं म्हणजे अब्बा, त्यांची थोरली विधवा बहीण जैबूफुपू आणि मी. अम्मी धाकट्या भावाला घेऊन रत्नागिरीला गेली होती, कारण कुवेतचं युद्ध पेटणार हे बहरीनमधल्या पानवाल्यालाही कळलं होतं. माझी बारावी होती म्हणून मी थांबले, अब्बांची नोकरी होती म्हणून ते थांबले, आणि आम्हा दोघांना भात कोण घालणार म्हणून फुपू थांबली. "बाँब पडायचा तर गावात पण पडंल," असं ती म्हणाली. आमच्या गावावर कोण कशाला बाँब टाकेल, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

अब्बा मुहर्रक बेटावरच्या एका जुन्या घरात कामाला होते. मोत्यांच्या एका व्यापारी घराण्याने तिथे समुद्रातल्या जिवांचा संग्रह मांडला होता. शेकडो बरण्या, त्यांत स्पिरिट, आणि स्पिरिटात खेकडे, गोगलगायी, समुद्रकाकड्या, कसले कसले किडे. हे सगळं जमवलं होतं राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका इंग्रज माणसाने. त्याचं नाव लांबलचक, आमच्या घरात कुणाच्या जिभेवर ते बसेना, म्हणून आम्ही त्याला बरणीसाहेब म्हणायचो. त्याच्या नातवंडांनी सामान विकायला काढलं तेव्हा या घराण्याने ते विकत घेऊन पुन्हा इकडच्या पाण्याजवळ आणलं. देखरेखीला एक म्हातारा इंग्रज डॉक्टर ठेवला होता. तो औषधाचा डॉक्टर नव्हे, शिंपल्यांचा. अब्बा त्याच्या हाताखाली. बरण्यांतलं स्पिरिट उडून कमी झालं की वर भर घालायची, धूळ पुसायची, टाइप करायचं, आणि संध्याकाळी कुलूप लावून चावी खिशात घालायची. त्या चावीचा अब्बांना केवढा अभिमान! जेवतानासुद्धा सदऱ्याच्या खिशावरून हात फिरवून बघायचे. घरी आले की फुपू त्यांना दारातच थांबवायची आणि कोपरापर्यंत हात धुऊन झाल्याशिवाय पाण्याच्या माठाला शिवू द्यायची नाही.

पण बरणीसाहेबाच्या गोष्टी ऐकायला मात्र तीच सगळ्यांत पुढे. अदलियातल्या एका व्हिलाच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी फुपू घावणे काढायची, तव्यावर पीठ चर्रर्र करायचं, आणि अब्बा स्टुलावर बसून सांगायचे. पाद्र्याचा मुलगा, बापाला वाटायचं यानेही चर्चमध्ये उभं राहावं, आणि हा भरती-ओहोटीच्या खडकांवर उताणा पडून डबक्यांत डोळे घालणारा. समुद्राची मोजणी करायला निघालेल्या बोटीवर नोकरी धरली. बोट लागायची त्याला, पहिले काही महिने नुसता ओकत होता. आखातात आल्यावर मोती काढणाऱ्यांच्या शिडाच्या पडावावर जागा मागितली. पाणबुडे शिंपले घेऊन वर येत, तेव्हा शिंपल्यांना चिकटून जे काही येई आणि बाकीचे लोक जे पाण्यात भिरकावून देत, ते हा मागून घ्यायचा. त्या उन्हात लोकरीचा कोट घालून, छत्रीखाली बसून त्या किड्यांची चित्रं काढायचा. पाणबुड्यांनी आधी त्याला वेडा ठरवला, मग त्याच्यासाठी मुद्दाम वेगळं काही दिसलं तर आणू लागले. "भला माणूस असणार," फुपू म्हणायची, "पण आईने त्याला जरा डोक्यावर टोपी घालायला शिकवायला पायजे होतं."

त्यातली एक गोष्ट मला फार आवडायची. पडावाच्या नाखव्याने त्याला बजावलं होतं की माझ्या पडावावर दारू चढणार नाही, मग ती प्यायची असो की किडे बुडवायची. बरणीसाहेबाने हात छातीवर ठेवून शब्द दिला. त्या मोसमात त्याने जे जे मिळवलं ते उन्हात सडलं, मीठ लावून वाळवलं तर चुरा झालं. एकच जीव धड राहिला. बोटाच्या पेराएवढी मऊ गोगलगाय, पाठीवर नखाएवढा, कागदापेक्षा पातळ शिंपला. तसा जीव दुसऱ्या कुणाला कधी सापडलाच नाही. विलायतेला परत गेल्यावर तिथल्या एका बड्या प्रोफेसराने भर सभेत म्हटलं, हा बनाव आहे, एका किड्याच्या पाठीवर दुसऱ्याचा शिंपला ठेवलाय. बरणीसाहेबाने उरलेलं आयुष्य ते खोटं पाडण्यात घालवलं आणि पुस्तक अर्धं छापून झालेलं असताना गेला. त्याचा पुरावा म्हणजे ती एक बरणी. "पण अब्बा, स्पिरिट नव्हतं तर ती एकच कशी टिकली?" मी विचारायचे. "अल्लाला माहीत," अब्बा म्हणायचे, आणि घावणा मोडायचे.

तर तीच बरणी एका दुपारी अब्बा टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आले. मुहर्रकचं ते घर विमानतळाला लागून. डॉक्टरसाहेब शेवटच्या विमानांपैकी एकाने निघून गेले होते. जाण्याआधी त्यांनी स्पिरिटचे सगळे डबे तिथून हलवायला लावले, विमानतळाशेजारी जळाऊ माल नको म्हणून. बाकीच्या बरण्या तळघरात ठेवल्या, आणि ही एक अब्बांच्या हातात दिली. "बाकी सगळं गेलं तरी चालेल बशीर, ही जाता कामा नये." अब्बांनी ती घेतली आणि म्हणाले, "अमानत आहे साहेब." त्या शब्दाचा अर्थ त्या गोऱ्याला काय कळणार! आम्हाला मात्र चांगलाच कळत होता. दुसऱ्याची ठेव म्हणजे आपल्या जिवापेक्षा जड. आणि नुसती आखिरतची, मेल्यानंतरच्या हिशेबाची गोष्ट नव्हती. अब्बांचा व्हिसा त्या नोकरीवर, आमचा अब्बांच्या व्हिसावर. "ही गेली तर नोकरी गेली, नोकरी गेली तर आपण गेलो, आणि तुझी परीक्षा गेली," अब्बांनी मला सरळ सांगितलं.

घरातली सुरक्षित खोली एकच. विषारी वायूचा बाँब पडेल अशी आवई होती, म्हणून सगळ्यांसारखं आम्हीही एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक लावून खाकी टेपने चिकटवलं होतं. दाराखाली घालायला ओला टॉवेल, पाण्याची बादली, बिस्किटं, रेडिओ. फुपू तिथेच झोपायची, तिथेच नमाजाचा मुसल्ला पसरायची. बरणी ठेवायची तर तिथेच. फुपूने बरणीकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं. "काय हाय त्यात?" "औषध." "बशीर, आपली अम्मी तुला दूध पाजायची ते मी बघितलंय. मला शिकवू नको. दारू हाय." अब्बा खूप वेळ समजावत होते, ही प्यायची नव्हे, प्यायला तर माणूस मरेल. "मंग जास्तच वाईट," फुपू म्हणाली. शेवटी अमानत हा शब्द ऐकून तिचा विरोध संपला. तिने बरणीवर आपली एक जुनी ओढणी टाकली आणि मुसल्ला दुसऱ्या भिंतीकडे सरकवला.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. सायरन आठवतो. तो सुरू झाला की आम्ही त्या खोलीत शिरायचो, अब्बा टॉवेल दाबायचे, फुपू तस्बीहचे मणी ओढायची आणि कपाळाला कोलनवॉटर चोळायची, कारण सायरनने तिचं डोकं उठायचं. बंद खोलीत कोलनवॉटरचा, ओल्या टॉवेलचा आणि तळलेल्या सुकटीचा वास. त्यातच बरणीचं काचेचं बूच जरा सैल असावं, स्पिरिटचाही वास यायला लागला. फुपूला तो सुखाने बसू देईना. "माझी नमाज काय कबूल होणार आता? वर गेल्यावर काय सांगू, दारूच्या गुत्त्यात बसून पढली?" मी म्हटलं, "फुपू, युद्ध आहे, अल्ला समजून घेईल." "तो घेईल गो, मीच नाय घेत," ती म्हणाली. आज मी तिच्या त्या वेळच्या वयाला पोचत आलेय आणि मला तिचं म्हणणं पटतं. तेव्हा मात्र मी डोळे फिरवून जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं होतं.

शाळा बंद होती. एका दुपारी मी पलीकडच्या गल्लीत मैत्रिणीकडे रसायनशास्त्राच्या नोट्स आणायला गेले आणि परत आले तर स्वयंपाकघरात सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, वास दरवळत होता. मोरीतून स्पिरिटची वाफ नाकात शिरली. फुपू ओट्याशी उभी, हात पुसत, चेहऱ्यावर ईदच्या दिवसासारखं समाधान. ओट्यावर बरणी, स्वच्छ, काठोकाठ भरलेली. शेजारी कोल्ड स्टोअर म्हणतात त्या वाण्याच्या दुकानातून आणलेला पांढऱ्या सिरक्याचा कॅन, त्या सिरक्यात ती मिरच्या मुरवायची.

"बघ, झाली ना पाक-साफ?" ती म्हणाली. "अमानत पण ऱ्हायली, दारू पण गेली. एवढी सोपी गोष्ट, तुज्या बापाला सुचली नाय."

"फुपू, सिरका ओतलास?"

"मंग काय पाणी ओतू? पाण्यात कुजंल. सिरक्यात लोणचं वरीसभर टिकतं, हा बोटाएवढा किडा नाय टिकणार?"

मला खरं तर हसू आलं होतं. पण बरणीत बघितलं आणि हसू मावळलं. त्या नखाएवढ्या शिंपल्याच्या कडेला बारीक बारीक बुडबुडे धरले होते. एक सुटायचा, वर जायचा, तिथे दुसरा धरायचा. हा प्रयोग मी शाळेत स्वतःच्या हाताने केला होता. शिंपल्याचा तुकडा, वर आम्ल, बुडबुडे, आणि थोड्या वेळाने शिंपला नाही. "फुपू, तो विरघळतोय!" मी किंचाळले. "काय विरगळतंय?" "शिंपला! सिरका त्याला खातोय!" फुपूने वाकून बघितलं. बुडबुडे तिलाही दिसले. बाई शहाणी होती, पुढे काही विचारलं नाही. फक्त "या अल्ला" म्हणाली आणि ओट्याची कड धरली.

मी सिरका ओतून टाकला, बाटलीतलं पाणी घालून धुतलं, पुन्हा धुतलं. शिंपल्याची एक बाजू पार गेली होती, उरलेली चंद्रकोरीसारखी. आता ह्याला बुडवायचं कशात? पाण्यात मऊ मांस दोन दिवसांत कुजलं असतं. मुहर्रकला अब्बांना फोन केला, वाजत राहिला. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आठवलं, चप्पल पायात घातली, आणि तेवढ्यात सायरन झाला. भर दुपारी! फुपूने माझं मनगट धरून मला खोलीत ओढलं, मी बरणी छातीशी धरून आत शिरले. तिने टॉवेल दाबला आणि भिंतीला टेकून बसली. सवयीने तिने उशाखालची कोलनवॉटरची बाटली काढली आणि कपाळाला लावली.

तो वास. मी तो महिनाभर हुंगत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच! मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि चिठ्ठीवरची बारीक अक्षरं वाचली.

"फुपू, मला ही सगळी हवी."

"डोकं दुखतंय?"

"नाही. ह्यात स्पिरिट आहे. तेच, जे तू ओतून टाकलंस."

तिने बोटं नाकाशी नेली. त्याच बोटांनी ती तस्बीह ओढत आली होती. बाहेर सायरन चालू, आणि माझी फुपू त्या क्षणी बाँबला घाबरलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं मी काही न बोलता बाटली घ्यायला हवी होती. "नवरा असल्यापासून लावतेय मी हे," ती हळूच म्हणाली. मग उठली, पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून एक मोठी, न फोडलेली बाटली काढली. गावाकडच्या एका भाचीच्या लग्नात द्यायला ठेवलेली. माझ्यासमोर ठेवली. "घाल," म्हणाली. मी बरणीत ओतू लागले तशी ती बादलीतल्या मोजक्या पाण्यातून तांब्याभर पाणी घेऊन कोपऱ्यात वजू करायला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला बसली. तळाशी थोडं पाणी राहिलं होतं, त्यामुळे बरणीतलं सगळं दुधासारखं पांढुरकं झालं आणि आतला जीव दिसेनासा झाला.

अब्बा आले, त्यांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते जमिनीवर बसले आणि पांढुरक्या बरणीकडे बघत राहिले. "आता कुणी हात लावायचा नाही," एवढंच बोलले. त्या दिवसानंतर त्यांनी खिशावरून हात फिरवणं सोडलं.

युद्ध संपलं. आकाशात कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर, दुपारी गाड्या दिवे लावून चालायच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. डॉक्टरसाहेब परत आल्याचा फोन आला. अब्बा दाढी करून तयार झाले तर फुपू दारात बुरखा घालून उभी. "मी येणार." "आपा, तिथे तुझं काय काम?" "काम माजंच हाय. नसी, तू पण चल, मला त्याची भाषा येत नाय." अब्बांनी गाडीत बसल्यावर मागे वळून मला बजावलं, "तिथे मी बोलेन. तुम्ही दोघी गप्प." मुहर्रकचा पूल ओलांडेपर्यंत मी बरणी मांडीवर घट्ट धरून होते.

डॉक्टरसाहेब टेबलाशी उभे होते. त्यांनी बरणी उजेडाकडे धरली, कपाळाला आठी पडली. बूच काढलं आणि खोलीभर कोलनवॉटरचा वास पसरला. चिमट्याने त्यांनी तो जीव काचेच्या वाटीत काढला, भिंग लावलं. किती वेळ वाकून बघत होते कोण जाणे. वर बघितलं तेव्हा चेहरा लालबुंद. "हे कुणी केलं?"

"मी, साहेब," अब्बा इंग्रजीत म्हणाले. "स्पिरिट कमी झालं होतं. मी चुकून सिरका घातला."

माझ्या अब्बांना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. फुपूने माझा दंड धरला. "काय म्हटला बशीर?"

"नसीम, गप्प बस," अब्बा.

"नसी, मी विचारतेय."

एकीकडे व्हिसा, परीक्षा, अब्बांचा मान. दुसरीकडे फुपूची बोटं माझ्या दंडात रुतलेली. मी म्हटलं, "अब्बा म्हणाले, त्यांनी केलं."

"खोटं हाय," फुपू म्हणाली आणि पुढे झाली. परक्या पुरुषापुढे नकाब वर करून ती अशी कधी उभी राहिली नव्हती. "सांग त्याला. बशीरने दारू कधी बदलली नाय. मी बदलली. आमच्या घरात दारू ठेवत नाय, आणि अमानत टाकत पण नाय. मंग मी काय करायचं होतं, तूच सांग म्हणावं."

मी सांगितलं. जसंच्या तसं, 'म्हणावं'सकट. अब्बांनी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरसाहेब फुपूकडे बघत होते. काही वेळाने ते खुर्चीत बसले आणि विचारलं, "हिला बोटीची गोष्ट माहीत आहे का? नाखव्याची?" मी हो म्हटलं. "पण पुढची नसेल," ते म्हणाले. "त्याने शब्द दिला होता. आणि अंथरुणाच्या वळकटीत ब्रँडीची एक बाटली लपवून पडावावर नेली होती. हा जीव त्यातच टिकला. मरताना बहिणीला सांगून गेला, त्या नाखव्याला फसवल्याचं शल्य प्रोफेसराच्या आरोपापेक्षा जास्त बोचलं म्हणून." मग पुन्हा वाटीकडे वाकले. "अर्धा उरलाय. जीव आणि शिंपला जोडलेली जागा शाबूत आहे. पुरावा म्हणून चालेल, कसाबसा." अब्बांकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "नोकरी राहील, बशीर. चावी दे."

अब्बांनी चावी काढून टेबलावर ठेवली. तो आवाज केवढासा, पण माझ्या कानात अजून आहे. नोकरी राहिली, व्हिसा राहिला, माझी बारावी झाली, पुढे मी प्राणिशास्त्रच घेतलं आणि आयुष्यभर पोरांना शिकवलं. चावी मात्र अब्बांना पुन्हा कधी मिळाली नाही, आणि ते दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही तरी आम्हाला दिसत होतं.

परतताना पुलावर धूर इतका दाट होता की खालचं पाणी दिसत नव्हतं. फुपूने विचारलं, "मगाशी तो खाली बसून काय सांगत होता?" मी सगळं सांगितलं, वळकटी, ब्रँडी, शब्द मोडला ते, मरताना बोलला ते. अब्बा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

"म्हणजे नाखव्याच्या पडावावर चोरून चढवलेली होती ती दारू," फुपू म्हणाली.

"हो."

"मंग माज्या हातून ओतली गेली ते बरंच झालं. बिचाऱ्याने दिलेला शब्द अर्धा तरी पाळला गेला."

अब्बांचा हात जुन्या सवयीने खिशाकडे गेला, रिकाम्या खिशावर थांबला, आणि मग कित्येक दिवसांनी ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि फुपू मागून ओरडत होती, "बशीर, रस्त्याकडे बघ!"